एक होती खुर्ची

आज आपण एका खुर्चीची गोष्ट ऐकणार आहोत. खुर्ची कॅनडा देशातली, पण अगदी साधी, कुठल्याही घरात असते तशी. १९५७ साली तिच्यावर एक छोटा चित्रपट निघाला. जेमतेम दहा मिनिटांचा. त्यात कुणी एक शब्दही बोलत नाही. तरी त्यात रुसवा आहे, भांडण आहे, मनधरणी आहे आणि शेवटी माया आहे.

घरातल्या वस्तूला जीव लावणं आपल्याला नवं नाही. लग्नघरी घाणा भरताना आपण मुसळांना आंब्याची पानं बांधतो, जात्याला हळदकुंकू लावतो. खंडेनवमीला विळा, कोयता, शिलाई मशीन, सगळ्यांची पूजा होते. केरसुणीला पाय लागला तर पटकन हात जोडतो. आपल्या आज्या-पणज्या पहाटे दळायला बसल्या की ओव्यांतून जात्याशीच बोलायच्या. सासरचं दुखणं माणसांत काढायची सोय नव्हती, ते दगडापाशी निघायचं. जातं कुणाला जाऊन सांगणार नाही, हा भरवसा होता.

दूरदेशीही असंच होतं. डेन्मार्कमध्ये हान्स ख्रिश्चन अँडरसन नावाचे लेखक होऊन गेले. जन्म १८०५ सालचा. वडील जोडे शिवायचे आणि आई लोकांचे कपडे धुवायची. या धोबिणीच्या मुलानं एक गोष्ट लिहिली, शर्टाच्या कॉलरची. हे कॉलरराव लग्नाला उभे राहतात. इस्त्रीला मागणी घालतात, ती त्यांना चिंधी म्हणते. कात्रीला विचारतात, ती रागानं कापून काढते. फणीकडे जातात, तर तिचं आधीच ठरलेलं. शेवटी कॉलरराव चिंध्यांच्या ढिगात पडतात आणि तिथं बढाया मारतात, की माझ्यामागे किती जणी लागल्या होत्या! ऐकून हसू येतं, कारण असे कॉलरराव आपण प्रत्येकीनं कुठल्या ना कुठल्या लग्नात पाहिलेले असतात.

पुढे चित्रपट आला आणि वस्तू हलू लागल्या. ॲनिमेशनची युक्ती सोपी आहे. वस्तूचा फोटो काढायचा, ती जराशी सरकवायची, पुन्हा फोटो काढायचा. असे चोवीस फोटो एका सेकंदात डोळ्यांपुढून गेले, की वस्तू चालते आहे असं वाटतं. त्याच प्रकारे एकेक चित्र हातानं काढूनही हलतं चित्र करता येतं. १९४६ साली अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांच्या 'मेक माइन म्युझिक' या चित्रपटात दोन टोप्यांची प्रेमकहाणी आली. एक बाईची, एक पुरुषाची. दुकानाच्या काचेत शेजारी शेजारी ठेवलेल्या. दोघी वेगवेगळ्या घरी विकल्या जातात, ताटातूट होते. शेवटी त्यांची भेट होते ती बर्फाची गाडी ओढणाऱ्या दोन घोड्यांच्या डोक्यावर!

या गोष्टी गोड आहेत. पण त्यांतल्या वस्तू माणसांसारखंच प्रेम करतात. कॅनडातल्या खुर्चीनं वेगळाच प्रश्न विचारला. वस्तू माणसाला 'नाही' म्हणाली तर?

गोष्ट अशी. एक तरुण पुस्तक वाचत वाचत येतो. खुर्ची दिसते, तो बसायला जातो. खुर्ची बाजूला सरकते. त्याला वाटतं, आपलाच अंदाज चुकला. पुन्हा जातो, पुन्हा ती निसटते. मग पाठलाग सुरू होतो. तो तिला धरतो, दाबतो, तिच्याशी झटापट करतो. ती त्याला पाडते. तो रागावून पाठ फिरवतो, जमिनीवर बसून पुस्तक उघडतो. आता खुर्चीलाही करमत नाही, ती हळूच त्याच्याजवळ येते. पण तो बसायला गेला की पुन्हा तेच. तो तिला गोंजारतो, तिच्याबरोबर नाचतो, तरी ती मानत नाही. शेवटी त्याच्या ध्यानात येतं, की आपण कायम हिच्यावर बसत आलो, हिला एकदा तरी बसायला मिळालं का? तो स्वतः खाली वाकून खुर्चीसारखा होतो. खुर्ची सुखानं त्याच्यावर बसते. त्यानंतर ती आपणहून त्याला बसू देते.

चित्रपटाचं फ्रेंच नाव आहे 'इल एते उन शेज', म्हणजे 'एक होती खुर्ची'. आपल्या 'एक होता राजा'सारखंच.

तो बनवला नॉर्मन मॅक्लॅरन यांनी, क्लोद जुत्रा यांच्या साथीनं. तरुणाचं काम जुत्रांनीच केलं. मॅक्लॅरन स्कॉटलंडचे. १९४१ मध्ये ते कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळात कामाला लागले. १९४९ मध्ये युनेस्कोतर्फे ते चीनच्या एका खेड्यात गेले आणि चित्रांतून आरोग्याची माहिती कशी द्यावी हे तिथल्या चित्रकारांना शिकवलं. परत आल्यावर, कोरियात युद्ध चालू असताना, १९५२ साली त्यांनी 'नेबर्स' म्हणजे 'शेजारी' हा चित्रपट काढला. दोन घरांच्या हद्दीवर एक फूल उगवतं आणि त्यासाठी दोन शेजारी एकमेकांचा जीव घेतात. बांधावरून भाऊबंदकी झालेली आपण पाहतो, तसंच. त्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं. पाच वर्षांनी आलेल्या खुर्चीच्या गोष्टीत भांडण आहेच, पण त्यातून बाहेर पडायची वाटही आहे.

आता एक गोष्ट नीट ऐका. ती खुर्ची रुसायची, लाजायची, हट्ट करायची, ती कुणाच्या हातानं? एव्हलिन लॅम्बार्ट या बाईंच्या. बारीक दोऱ्या बांधून त्यांनी खुर्ची हलवली. १९१४ साली जन्मलेल्या लॅम्बार्टबाईंना लहानपणापासून ऐकू कमी यायचं. त्या कॅनडातल्या पहिल्या स्त्री ॲनिमेटर मानल्या जातात. पडद्यावर त्या दिसत नाहीत, दोऱ्याही दिसत नाहीत. पण त्यांचा हात थांबला असता, तर खुर्चीचं नुसतं लाकूड राहिलं असतं. घर चालतं तेव्हा अशा किती दोऱ्या आपल्या हातात असतात, आणि त्या किती जणांना दिसतात?

चित्रपटात शब्द नाहीत, पण संगीत आहे, आणि ते आपल्याकडचं आहे. पंडित रविशंकर यांची सतार आणि पंडित चतुरलाल यांचा तबला. कॅनडातली खुर्ची रुसते ती सतारीच्या सुरात, आणि पळते ती तबल्याच्या तालात.

आमच्या गटात आम्ही हा चित्रपट फोनवर पाहिला. आधी सगळ्या पोट धरून हसलो. मग एक जण म्हणाली, "ही खुर्ची म्हणजे घरातली बाईच की! सगळे टेकतात, विचारत कुणी नाही." त्यावर एक आजी म्हणाल्या, "आमच्या वेळी सासऱ्यांसमोर खुर्चीवर बसायची छाती नव्हती. पुसायची मात्र रोज."

आजींचं बोलणं ऐकून आम्हाला ग्रामपंचायत आठवली. ७३व्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून पंचायतीत बायकांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ मध्ये त्या निम्म्या झाल्या. कायद्यानं खुर्ची दिली. तरी कितीतरी गावांत सही बाईंची आणि कारभार सरपंचपतींचा, असं अजून चालतं. बाई कडेला पदर सावरून बसते. म्हणजे घरात ती सगळ्यांची खुर्ची होते, आणि पंचायतीत हक्काची खुर्ची असून उभी राहते.

चित्रपटातला तरुण वाईट नव्हता. त्याला फक्त कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. खुर्ची सरकली म्हणून त्याला विचार करावा लागला. खुर्चीनं ना त्याला हाकललं, ना स्वतः निघून गेली. तिनं आपली पाळी मागितली, आणि ती मिळेपर्यंत धीर सोडला नाही. वाकल्यानं त्या तरुणाचंही काही गेलं नाही. शेवटी तोही सुखानं बसला.

कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाच्या संकेतस्थळावर हा चित्रपट फुकट पाहता येतो. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढून बघा. घरच्या पुरुषांनाही बोलवा. भाषेची अडचण येणार नाही. नंतर एकमेकींना तीन प्रश्न विचारा. आपल्या घरात कोण कशावर बसतं? ते कुणी ठरवलं? आणि आपण शेवटचं निवांत कधी टेकलो होतो, कुणी आपल्याला 'बस जरा' म्हणालं होतं?

तुमची उत्तरं आम्हाला कळवा. आम्ही ती रेडिओवर वाचू. तोवर राम राम.