अर्जाची किंमत

राजद्वारी अर्ज देण्याची चाल फार जुनी आहे. कागदाच्या जागी आता संगणकाचा पडदा आला आणि बोटाच्या एका स्पर्शाने पाठिंबा नोंदविता येऊ लागला, तरी अर्जदाराच्या मनातील शंका तीच आहे. एवढ्या सह्यांनी सरकार हलते काय? तिचे निरसन इतिहासाच्या दप्तरातच करावे हे बरे; कारण तेथे अर्ज सापडतात, तसे त्यांचे पुढे काय झाले हेही सापडते.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील श्रमिकांनी मताधिकारासाठी चार्टिस्ट चळवळ उभारली आणि पार्लमेंटला तीन प्रचंड अर्ज केले. १८४२ च्या अर्जावर ३३ लाखांहून अधिक सह्या होत्या. तो फेटाळला गेला. १८४८ मध्ये पुढाऱ्यांनी ५७ लाख सह्यांचा दावा केला. पार्लमेंटच्या कारकुनांनी त्या मोजल्या, तेव्हा २० लाखही भरल्या नाहीत आणि त्यांत खुद्द व्हिक्टोरिया राणीच्या नावाची बनावट सही निघाली. लाखो खऱ्या सह्या त्या उपहासात बुडाल्या. तथापि, चळवळीच्या सहा मागण्यांपैकी पाच पुढे मान्य झाल्या. गुप्त मतदान १८७२ साली आले, सभासदांचे वेतन १९११ साली. मागणी न्याय्य होती म्हणून टिकली. परंतु तिचे फळ बहुतेक अर्जदारांना पाहावयास मिळाले नाही.

सही खरी कोणाची, हा प्रश्न पुण्यात निराळ्या रीतीने सोडविला गेला. पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयीच्या असंतोषातून १८७० साली सार्वजनिक सभा स्थापन झाली. सभासद होऊ इच्छिणाऱ्यास निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. बोलणाऱ्यामागे कोण उभे आहे, हे त्यामुळे कागदावरच दिसे. १८७५ मध्ये या सभेने हिंदुस्थानास प्रत्यक्ष प्रतिनिधित्व मिळावे, असा अर्ज ब्रिटिश पार्लमेंटकडे धाडला. तो निष्फळ ठरला. हिंदी प्रजेच्या मतांवर ते सभागृह निवडून येत नव्हते. साहजिकच तिला उत्तर देण्याचे बंधनही त्यास वाटत नव्हते.

स्वतंत्र भारतात २०१५ साली वेगळे चित्र दिसले. इंटरनेटवरील सर्व सेवांना समान वागणूक असावी की नाही, याविषयी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जनतेची मते मागविली. स्वयंसेवकांनी प्राधिकरणाच्या वीस प्रश्नांची उत्तरे तयार करून लोकांपुढे ठेवली आणि दहा लाखांहून अधिक ई-पत्रे गेली. वर्षअखेर निरनिराळ्या दरांविषयी पुन्हा मते मागविण्यात आली. त्या वेळी फेसबुकने आपल्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेच्या बाजूने लाखो संदेश पाठविण्याची सोय केली. साच्यातील पत्रे दोन्ही पक्षांकडे होती. परंतु या संदेशांत विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरे नाहीत, असा आक्षेप प्राधिकरणाने घेतला. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावाच्या दरांवर बंदी घालणारा विनियम निघाला आणि त्याची कारणेही प्रसिद्ध झाली. कारभार पारदर्शक ठेवण्याचे बंधन प्राधिकरणावर १९९७ च्या कायद्यानेच घातलेले आहे.

या तिन्ही प्रसंगांत सह्यांची संख्या दाराची कडी वाजविण्यापुरती उपयोगी पडली. दार उघडले ते एकदाच, आणि तेही आतल्या माणसावर ऐकून घेण्याचे बंधन होते व बाहेरच्याने नेमके विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आणले होते तेव्हा. सही करणाऱ्याने म्हणून आपल्यापुढे किती नावे आहेत हे पाहण्याआधी अर्ज कोणाकडे जात आहे, निर्णय त्याच्या अधिकारात आहे काय आणि उत्तर देणे त्यास भाग आहे काय, एवढे वाचून घ्यावे. तसे बंधन नसेल, तर पहिला अर्ज त्या बंधनासाठीच करावयास हवा.