दानशूर कोल्स्टनचा हिशेब

'माणसाचे दान पहा, जुने कशाला उकरता?' असे आम्हाला वारंवार ऐकवले जाते. याचे उत्तर इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराने दिले आहे.

एडवर्ड कोल्स्टन (१६३६–१७२१) हा ब्रिस्टलच्या व्यापारी घराण्यातला. लंडनमध्ये राहून त्याने स्पेन-पोर्तुगालशी कापड आणि दारूचा व्यापार केला. १६८० मध्ये तो रॉयल आफ्रिकन कंपनीत शिरला, १६८९ मध्ये तिचा डेप्युटी गव्हर्नर झाला. पश्चिम आफ्रिकेतून माणसे नेऊन विकण्याचा मक्ता राजाने याच कंपनीला दिला होता. कंपनी या माणसांच्या छातीवर आपली अक्षरे डागत असे. कोल्स्टन कंपनीत होता त्या १६८० ते १६९२ या काळात तिने सुमारे ८४,००० आफ्रिकी स्त्री-पुरुष-मुले जहाजांत कोंबली. त्यांतली सुमारे १९,००० वाटेतच मेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

हाच कोल्स्टन पुढे ब्रिस्टलमध्ये शाळा आणि वृद्धाश्रम काढून 'दानशूर' झाला. १७१० मध्ये तो ब्रिस्टलचा खासदार म्हणून निवडून आला. त्याच्या दानालाही पंथाची अट होती. चर्च ऑफ इंग्लंड न मानणाऱ्यांना त्यात जागा नव्हती.

आता तारखा जुळवून पहा. ब्रिटिश साम्राज्यात गुलामी रद्द करणारा कायदा १८३३ चा. पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' १८७३ मध्ये काढली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केली. ब्रिस्टलच्या प्रतिष्ठितांनी मात्र १८९५ मध्ये कोल्स्टनचा पुतळा उभारून त्याला 'सद्गुणी आणि शहाणा' सुपुत्र ठरवले. मग 'तो काळच तसा होता' ही सबब कुठे टिकते?

पुतळ्यावर गुलामांच्या व्यापाराचा एक शब्दही नव्हता. २०१८ मध्ये सत्य सांगणारी पाटी लावायचे ठरले, तर तिच्या शब्दांवरूनच वाद होऊन ती रखडली. अखेर ७ जून २०२० रोजी, जॉर्ज फ्लॉईडच्या हत्येनंतर उसळलेल्या आंदोलनात लोकांनी पुतळा ओढून बंदरात ढकलला. खटला चाललेल्या चौघांना जानेवारी २०२२ मध्ये ज्युरीने निर्दोष ठरवले. तो पुतळा पुढे रंगाच्या डागांसकट संग्रहालयात ठेवला गेला.

इतिहास पुसला गेला, अशी ओरड झाली. आम्ही म्हणतो, इतिहास १८९५ मध्येच पुसला होता. २०२० मध्ये तो लोकांनी पुन्हा लिहिला. मित्रांनो, दानशूराचे नाव कोरलेली शिळा दिसली की एवढेच विचारा: पैसा कुणाच्या घामाचा, कुणाच्या रक्ताचा? ज्यांच्याकडून लुटले त्यांची नावे कुठे आहेत?