मुंबई ते लंडन: अंतर नेमकं कशाचं मोजायचं?

मुंबई ते लंडन किती लांब? सरळ हवाई अंतर काढलं तर साधारण 7,200 किलोमीटर. पण तुम्हाला प्रवासाच्या किंवा टपालाच्या इतिहासावर संशोधन करायचं असेल, तर हा आकडा फारसा कामाचा नाही. का, ते बघू.

पहिला मुद्दा, अंतर वाटेचं असतं. आफ्रिकेला वळसा घालून जाणारा समुद्रमार्ग सुमारे 19,800 किलोमीटरचा होता. 17 नोव्हेंबर 1869 रोजी सुएझ कालवा खुला झाला आणि ते अंतर सुमारे 11,600 वर आलं. दोन्ही शहरं जागच्या जागी, आणि वाट मात्र चाळीस टक्क्यांनी कमी! पण कोणासाठी? तांबड्या समुद्रातले वारे शिडाच्या जहाजांना सोयीचे नव्हते. खरा फायदा झाला आगबोटींना. शिडाची जहाजं त्यानंतरही केपच्याच वाटेने जात राहिली. म्हणून '1869 मध्ये अंतर घटलं' असं सरसकट लिहू नका.

दुसरा मुद्दा, वेळ कशाची? 1830 मध्ये 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली. ती प्रत्यक्ष चालली सुमारे 21 दिवस, पण पोचायला महिन्याहून जास्त लागला, कारण वाटेत कोळसा भरायला थांबावं लागलं. दोन्ही आकडे बरोबरच आहेत, पण त्यांची उत्तरं वेगळ्या प्रश्नांची आहेत. तसंच 1929 च्या लंडन–कराची विमानसेवेचं. नाव हवाई, पण युरोपातला एक टप्पा आगगाडीचा! आणि कराचीहून मुंबईला हवाई टपाल आलं ते 15 ऑक्टोबर 1932 ला, जे. आर. डी. टाटांनी जुहूला विमान उतरवलं तेव्हा. त्याआधीचे हवाई सेवेचे दिवस कराचीचे आहेत, ते मुंबईच्या खात्यात मांडता येणार नाहीत.

तिसरा मुद्दा घड्याळाचा. 8 जून 1948 ला 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. वेळापत्रकात वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. भारताची वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. पण उन्हाळ्यात लंडनची घड्याळं एक तास पुढे केलेली असतात, म्हणजे फरक साडेचारच. हे सुटलं की उड्डाणाच्या वेळेत सरळ एका तासाची चूक.

आज थेट विमानाला साधारण नऊ-दहा तास लागतात. परतीला त्याहून कमी, कारण वरचे पश्चिमी वारे पाठीशी असतात. आणि 2019 मध्ये पाकिस्तानने काही महिने हवाई हद्द बंद ठेवली, तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा पडला. म्हणजे उड्डाणाची वेळ वाऱ्यावर आणि राजकारणावरही ठरते.

मग करायचं काय? तक्ता बनवताना 'अंतर' आणि 'वेळ' एवढे दोनच रकाने ठेवू नका. मार्ग, दिशा, थांबे, वेळ स्थानिक की ग्रिनिचची, आणि प्रवास कोणाचा, हेही लिहा. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. 1870 मध्ये समुद्राखालची तार मुंबईपर्यंत आली. कापसाचा भाव लंडनहून लवकर कळू लागला, पण गाठी अजूनही आठवडेच घेत होत्या, आणि बोटीवर राबणारा खलाशीही. 'जग जवळ आलं' हे वाक्य प्रबंधात लिहायच्या आधी हा रकाना भरून बघा. वाक्य बहुधा बदलावं लागेल.