थरांची नावं



बरेच दिवस इकडे फिरकलो नाही. कारण सांगायला संकोच वाटतो, तरी सांगतो. माझ्या हातून आईच्या कपाळावरचं गोंदण पुसलं गेलं.

फोटोतलं हो! आईचा एकच फोटो आमच्याकडे आहे. तुळजापूरला स्टुडिओत काढलेला, मी तिच्या मांडीवर. ती गेली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि धाकटी बहीण सहा. फोटोवर बुरशीचे ठिपके पडले होते. नातवाने तो स्कॅन करून दिला, गिंप नावाचा फुकटचा प्रोग्राम टाकून दिला आणि पुण्याला निघून गेला. मग काय, मास्तरला नवीन खडू मिळाल्यासारखं झालं. महिनाभर रोज रात्री ठिपके पुसत बसलो. छापून बहिणीला पाठवला. तिचा फोन आला, "दादा, आईचं गोंदण कुठंय?"

फाइल उघडली तर चौदा थर. नावं अशी : बॅकग्राउंड कॉपी, बॅकग्राउंड कॉपी १, व्हिजिबल, व्हिजिबल २... आणि मी ते वरखाली ओढून ठेवलेले. एका थरात कपाळावर तीन ठिपके होते, दुसऱ्यात एकच. बहिणीच्या आठवणीत एक ठिपका, माझ्या आठवणीत तीन. नातवाने दिलेल्या स्कॅनवरच मी खाडाखोड करून सेव्ह केलेलं. आणि मूळ फोटो? तो काचेला चिकटला होता, सोडवताना नेमका कपाळाचाच पापुद्रा गेला. म्हणजे खरं काय, हे त्या चौदा थरांतच कुठेतरी होतं.

इतिहासाच्या मास्तरला थर म्हटलं की तेर आठवणार. ग्रीक प्रवासवर्णनातलं, पेरिप्लसमधलं तगर ते हेच आपल्या जिल्ह्यातलं तेर, असं फ्लीट यांनी १९०१ साली मांडलं. गोरोबाकाकांचं गाव. दरवर्षी मुलांची सहल तिथे नेत असे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय बघायचं, मातीच्या मूर्ती, मणी, ती हस्तिदंती बाहुली. तशीच एक भारतीय हस्तिदंती मूर्ती इटलीत पॉम्पेईला १९३८ साली सापडली, हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प बसत. लामतुरे यांनी ते जपलं नसतं तर आज काय उरलं असतं, देव जाणे. पण शेतात, पांढरीत, पावसानंतर उघडी पडलेली वस्तू कुठल्या थरातली, हे ती वस्तू स्वतः सांगत नाही. पुढे शास्त्रशुद्ध उत्खननं झाली ती त्यासाठीच.

१९४४ ते १९४८ या काळात मॉर्टिमर व्हीलर आपल्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते. तक्षशिलेला त्यांनी आपल्याकडच्या मुलांना खणायला शिकवलं. त्यांचा कटाक्ष हा की खड्ड्याच्या उभ्या भिंतीत थर दिसला की त्याच वेळी त्याला चिठ्ठी लावायची, क्रमांक द्यायचा. संध्याकाळी तंबूत बसून आठवून नाही. मी हे वर्गात किती वर्षं शिकवलं! आणि स्वतः संध्याकाळीसुद्धा चिठ्ठी लावली नाही.

(गंमत म्हणजे खणताना सगळ्यात वरचा थर पहिला, आणि चित्रात सगळ्यात खालचा. मला हे समजायला आठवडा गेला.)

आता या संगणकी थरांचाही इतिहास आहे. फोटोशॉप १९९० साली आलं तेव्हा थर नव्हतेच. फिल्टर लावला की चित्र बदललं, जुनं गेलं. पाटीवर लिहिल्यासारखं. १९९४ साली तिसऱ्या आवृत्तीत थर आले. गिंप १९९५ साली बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी, किंबॉल आणि मॅटिस यांनी, सुरू केलं. थर आले, पण त्यांना नाव कोण देणार? प्रोग्राम 'कॉपी' म्हणून मोकळा. बाहेरून जोडलेल्या फिल्टरला ठिपके मिळतात आणि तो ठिपके परत करतो. नाव द्यायचं की नाही, हे तो लिहिणाऱ्याच्या मर्जीवर.

काहींची मर्जी झाली. फ्रान्समधल्या कॅन शहराच्या प्रयोगशाळेत डेव्हिड चुम्पर्ले यांनी २००८ साली जीमिक काढलं. गिंपला ते जोडलं आणि नवा थर मागितला, की थराच्या नावातच फिल्टरचं नाव येतं आणि तुम्ही पट्ट्या कुठे सरकवल्या होत्या ते आकडेही. गिंपच्या २०१८ च्या आवृत्तीत वेव्हलेट नावाची सोय आली. ती चेहऱ्याचे बारीक-जाड तपशील वेगळे काढते आणि थरांना 'स्केल १', 'स्केल २' अशी नावं देते. शेवटी उरलेल्याचं नाव 'रेसिड्युअल'. आईचा रेसिड्युअल म्हणजे नुसती धूसर सावली... असो. २०२५ च्या गिंप ३ मध्ये तर फिल्टर थराला चिकटून राहतो, नावासकट, आणि हवा तेव्हा काढता येतो. फोटोशॉपला हे २००७ सालीच आलं होतं.

माझ्या चौदा थरांत असा एकच शहाणा थर निघाला. नाव जीमिकचं, फिल्टर ठिपके काढायचा, पुढे आकडे. हा फिल्टर शेजाऱ्यांपेक्षा वेगळा दिसणारा एकटा ठिपका डाग समजतो. बिचाऱ्याला गोंदण काय ठाऊक! म्हणजे पुसलं ते इथे. पण पुसण्याआधी एक होतं की तीन?

नातवाने फोनवर युक्ती सांगितली. "आबा, तोच फिल्टर, तेच आकडे घालून दोन्ही थरांवर पुन्हा चालवा. जो निकाल त्या थराशी तंतोतंत जुळेल, तो आधीचा." एकावर एक ठेवून डिफरन्स लावायचा, म्हणजे फक्त फरक दिसतो. एक ठिपकावाल्या थरावर चालवलं, तर कपाळावर, गालावर करडे डाग दिसले. जुळलं नाही. तीन ठिपकेवाल्यावर चालवलं. पडदा पूर्ण काळा. मी उजेड वाढवून पाहिला, चष्मा पुसून पाहिला. काळाच.

तीन होते. एक ठिपक्याचा थर नंतरचा, बहुधा माझ्याच ब्रशचा प्रताप.

बहिणीला नवा फोटो पाठवला. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मला एकच का आठवतो रे?" मी काय सांगणार? कदाचित कुंकवाखाली दोन झाकले जात असतील.

आता एकेका थराला मराठीत नाव देतोय. 'मूळ, गोंदणासह', 'बुरशी काढली, उजवा गाल', 'पदराची घडी'. तेरा झाले. राहिला 'व्हिजिबल २'. त्यात आईच्या डाव्या डोळ्याखाली एक बारीक ठिपका आहे. तो बुरशीचा की तिचा, हे आम्हा दोघांनाही आठवत नाही.