बेबाकीची पावती

दौंडहून सुटलेली नॅरोगेजची गाडी रमतगमत बारामतीला पोचते. साल १९३४, महिना माघाचा. तुमच्या बंडीच्या आतल्या खिशात दोन कागद आहेत. एक पावती आहे. गावच्या सहकारी सोसायटीचं ऊसकर्ज व्याजासकट फिटलं, खातं बेबाक, असं तिच्यावर लिहिलंय. दुसरी नोटीस. त्याच सोसायटीचं रजिस्ट्रेशन रद्द झालंय, तेव्हा तिच्या देण्यापोटी तुमच्या वाट्याला आलेली रक्कम मुदतीत भरा, नाहीतर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होईल. दोन्ही कागदांवर नाव तुमचंच. दोन्ही कागद घेऊन तुम्ही पुण्याला वकिलाकडे जाऊन आलात. वकील म्हणाले, कायदा नोटीस काढणाऱ्यांच्या बाजूनं आहे.

गावाचं नाव मी घेत नाही. नीरा डावा कालवा पुरंदरातून उतरून बारामतीवरून इंदापूरच्या टेलकडे जातो. त्याच्या कोणत्याही फाट्यावरचं गाव आपलं समजा. मंदीच्या त्या वर्षांत अशी सोसायटी एकाच गावची बुडाली नाही.

स्टेशनाबाहेर गुळाच्या ढेपा रचून ठेवल्यात आणि त्यांच्याकडे बघवत नाही. माल चांगलाय, पिवळाधमक. पण १९२९ च्या आधी जो भाव होता त्याच्या निम्म्यावर आज शेतमालाचा भाव आलाय, आणि पाणीपट्टी तेवढीच, शेतसारा तेवढाच, कर्जाचा आकडा तर वाढलेलाच. आडत, हमाली, तोलाई वजा जाता पट्टीच्या तळाशी जी रक्कम उरते तिच्यात पेंडीचे पैसेही सुटत नाहीत. ऊस म्हणजे ज्वारी नव्हे. बेणं, पेंड, खुरपणी, पाण्याच्या पाळ्या, मग चरक, काहील, गुळव्याची मजुरी. वर्ष-दीड वर्ष घरातून पैसा जातच राहतो. १८८५ ला कालवा सुरू झाला आणि या कोरडवाहू मुलखात पाण्याबरोबर पैशाची गरजही पाटानंच आली.

तुमच्या आजोबांनी दुसरा काळ पाहिलेला. १२ मे १८७५ ला इथून जवळच, सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली, रोखे जाळले. लोण इंदापूर तालुक्यातही गेलं. सरकारनं १८७९ ला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, पण स्वस्त पैसा कुठून आणायचा हे त्यात नव्हतं. ब्रिटिश अधिकारी वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढायची योजना पुढे रेटली, ती लंडनला भारतमंत्र्यांच्या टेबलावर पडली. शेवटी १९०४ चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकारानं मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक निघाली, तीच पुढे प्रांतिक बँक झाली. १९१२ पासून वैकुंठभाई मेहता तिचा कारभार बघतायत. नीरेच्या काठच्या उसाला कर्ज देण्यासाठी या बँकेनं बारामतीत शाखा काढली. सावकारापेक्षा कितीतरी कमी व्याजानं पैसा गावात आला. तुमच्या वडिलांनी पहिला हप्ता उचलला तेव्हा घरी सत्यनारायण घातला होता.

आता चावडीवर चला. लिक्विडेटर आलेत. बुडालेल्या सोसायटीची देणी-घेणी मिटवायला आलेला सहकार खात्याचा माणूस, कोट, टोपी, पुढ्यात सोसायटीची पत्र्याची पेटी उघडी. पेटीत रोकड नाही, रोजकीर्द, खतावणी आणि कर्जरोख्यांचे गठ्ठे आहेत. ते तुम्हाला जवळ बोलावून रोजकीर्दीचं एक पान दाखवतात.

मार्च अखेरची तारीख. डावीकडे जमा: अमुक सभासद, मुद्दल आणि व्याज पूर्ण वसूल. उजवीकडे, त्याच तारखेला, त्याच सभासदाच्या नावे तेवढंच नवं कर्ज. खाली दुसरा सभासद, तसंच. तिसरा, तसंच. पानभर एकाच हातातलं, एकाच शाईतलं अक्षर. त्या दिवशी पेटीतून एक पैसा बाहेर गेला नाही की आत आला नाही. याला गावात नवं-जुनं म्हणतात. गुळाचा भाव आज ना उद्या वर येईल या आशेवर पंच कमिटीनं दोन-तीन वर्षं हे केलं. कागदोपत्री थकबाकी शून्य, तपासणीत शेरा चांगला, आणि खरं कर्ज आत वाढत गेलेलं. पंचांमधले काही स्वतःच मोठे थकबाकीदार होते, हेही त्याच पानावर आहे. त्यांच्या आशेचा मला राग येत नाही. पण आपलं थकीत लपवून त्यांनी दुसऱ्याच्या जमिनीवर बोजा चढवला, याचा येतो.

"साहेब, माझं तर फिटलंय," तुम्ही पावती पुढे करता.

"तुमचं फिटलंय, पाटील. सोसायटीचं फिटलेलं नाही."

यालाच अमर्यादित जबाबदारी म्हणतात. जर्मनीत रायफायझननं खेडुतांसाठी काढलेला हा मार्ग: गरिबाकडे तारण नसतं, तेव्हा सगळं गाव एकमेकांना जामीन राहील आणि शेजारी शेजाऱ्यावर नजर ठेवील. बैल घ्यायला, बी-बियाण्याला लागणाऱ्या लहान कर्जांना ते शोभलं. पण एका एकर उसाला जिथं रोख शेकड्यांनी ओतावी लागते आणि भाव गावाबाहेर ठरतो, तिथं शेजाऱ्याची नजर काय राखणार? जावाची स्वस्त साखर मुंबईच्या बंदरात उतरते हे तुमच्या पंच कमिटीला कुठून दिसणार? ही जबाबदारी इथल्या उसावर जशीच्या तशी लादायला नको होती, असं माझं ठाम मत आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत हजारो बँका बुडत होत्या. मार्च १९३३ मध्ये रूझवेल्ट यांनी देशातल्या सगळ्या बँकांना सक्तीची सुट्टी दिली. तिथं ठेवीदार दारापुढं रांगा लावून उभे होते. तुमच्या चावडीपुढं रांग नाही. ठेवी इथं नावापुरत्या; पैसा मुंबईच्या बँकेचा, म्हणजे तिथल्या ठेवीदारांचा. तो परत मागणं बँकेचं कर्तव्यच होतं. त्यामुळे इथं सोसायटी बुडते तेव्हा लोक घराबाहेर येत नाहीत, उलट दार लावून घेतात.

लिक्विडेटर हैसियतीचं रजिस्टर उघडतात: कोणाकडे किती जमीन, किती बैल, विहीर आहे की नाही. ज्यांनी थकवलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची शेतं कालव्याचं पाणी मुरून चोपण झालीत, पांढरी फटक. लिलावात कोणी बोलीच लावत नाही. मग जो देऊ शकतो त्याच्याकडे आकडा सरकतो. तुमचे चुलते शहाणे निघाले. १९३० मध्येच नाव काढून घेतलं. सभासदत्व सोडल्यावरची दोन वर्षांची जबाबदारीही उलटली. त्यांना नोटीस नाही. तुम्ही थांबलात, कारण आपण सोडलं तर सोसायटीचं कसं होईल, असं तुम्हाला वाटलं.

आणि तुम्ही बेबाक झालात ते कसे, हे घरात फक्त दोघांना माहीत. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडनं सोन्याचा आधार सोडला, सोन्याचा भाव चढला, आणि देशभरातून मोडीचं सोनं बोटीत बसून बाहेर गेलं. त्यात तुमच्या कारभारणीच्या पाटल्या होत्या. सराफानं काट्यावर ठेवल्या, लाखेचं वजन वजा केलं, पैसे मोजले. त्याच संध्याकाळी तुम्ही सेक्रेटरीकडून पावती लिहून घेतली. आता दुसऱ्यांदा मोडायला घरात काही नाही.

लिक्विडेटर वाईट माणूस नाहीत. ते म्हणतात, रजिस्ट्रारकडे अर्ज करा, हप्ते पाडून मिळतील. अर्जाचा मसुदाही सांगतात. सोसायटी पुन्हा कधी निघेल, यावर मात्र काही बोलत नाहीत. पुढं १९३७ मध्ये वैकुंठभाई मेहता आणि भन्साळी सहकारी चळवळीच्या फेररचनेचा अहवाल देतील, १९३९ मध्ये कर्जनिवारणाचा कायदा येईल. पण ती तुमच्या पुढची वर्षं आहेत. तुमच्यापुढं सुरू उसाची लागण आहे, आणि ती याच महिन्यात करायची आहे. पाण्याचा अर्ज मंजूर झालाय, बेणं तोडून ठेवलंय, पेंडीला पैसा नाही.

म्हणून तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा बारामतीच्या पेठेत येता, आणि बँकेच्या शाखेकडे न वळता आडतीच्या गादीपुढं चपला काढता.

"या तात्या, बसा," शेठ म्हणतात. "लागण किती एकर?"

तुम्ही सांगता. शेठ वही ओढतात. पेंडीचे पैसे मिळतील, लिक्विडेटरचा पहिला हप्ताही मिळेल. व्याज सावकारी. अट एकच: पुढच्या हंगामातली ढेपन् ढेप याच आडतीवर उतरायची, भाव उतरेल त्या दिवशीचा.