इक्वलायझर निवडताना

ध्वनिमुद्रण संगणकावर आले आणि स्टुडिओतील अवजड यंत्रे प्लगिनच्या रूपाने पडद्यावर अवतरली. त्यांत सर्वाधिक गोंधळ उडतो तो इक्वलायझर निवडताना.

मिक्सिंगमध्ये एकेक वाद्य स्वतंत्रपणे हाताळायचे असते. गायकाच्या आवाजाखालची घरघर कापणे, बास गिटार व ड्रम यांची टक्कर सोडविणे, या कामांना पॅरामेट्रिक प्रकार उत्तम. कंप्रता, वाढ-घट आणि पट्ट्याची रुंदी ही तिन्ही सूत्रे त्यात आपल्या हाती राहतात. सॉफ्टवेअरसोबत मिळणारा साधा इक्वलायझरही येथे बहुधा पुरतो.

रंग हवा असेल, तर जुन्या यंत्रांच्या प्रतिकृती आहेत. अमेरिकेतील पल्स टेक्निक्सने १९५१ मध्ये आणलेल्या 'पुल्टेक ईक्यूपी-१'ची गंमत अशी, की खर्जाची वाढ व घट एकाच वेळी दिली तरी त्या परस्परांना पुरत्या खोडत नाहीत. खर्ज भरीव होतो आणि त्याच्या थोडा वरचा गढूळ भाग निवळतो.

मास्टरिंगमध्ये संपूर्ण गाणेच समोर असते. तेथे अर्ध्या डेसिबलचा बदलही जाणवतो. म्हणून अनेक जण लिनिअर फेज प्रकाराकडे वळतात. मात्र त्यात विलंब होतो आणि ड्रमच्या ठोक्याआधीच त्याची पुसट चाहूल ऐकू येऊ शकते. तेव्हा तो सरसकट वापरू नये.

खरेदीपूर्वी चाचणी आवृत्ती ऐकावी, तीही मूळ व बदललेला आवाज समान पातळीवर ठेवून. अन्यथा जो मोठा, तोच कानाला चांगला वाटतो.