खाण बंद करण्याचा आराखडा कधी करावा?

पूर्व जर्मनीतल्या सॅक्सनी आणि थुरिंगिया या प्रांतांत 1946 ते 1990 या काळात विस्मुट कंपनीने सुमारे 2 लाख 31 हजार टन युरेनियम काढले आणि ते सोव्हिएत अणुकार्यक्रमाकडे गेले. 31 डिसेंबर 1990 रोजी उत्पादन थांबले, तेव्हा जमिनीखाली सुमारे 1400 किलोमीटर भुयारे होती, वर 31 कोटी घनमीटर टाकाऊ दगडांचे ढिगारे होते आणि तलावांत खनिजातून युरेनियम काढल्यावर उरलेला 16 कोटी घनमीटर गाळ साठला होता. हे सारे निस्तरायला पैसा बाजूला काढलेला नव्हता. 1991 मध्ये सोव्हिएत संघाने कंपनीतला आपला हिस्सा जर्मनीच्या हवाली केला आणि बर्लिनची भिंत पडून दोन वर्षेही झाली नव्हती तोच जर्मन करदात्यांपुढे 13 अब्ज मार्कांचा अंदाज आला. काढलेल्या दर किलो युरेनियममागे हा खर्च सुमारे 56 मार्क पडतो. एवढा खर्च केवळ युरेनियम घातक असल्यामुळे आला, असे समजणे चूक आहे. त्यातला फार मोठा भाग खाण चालवताना, शेवटाचा विचार न करता घेतलेल्या निर्णयांमुळे आला.

एल्ब नदीकाठच्या क्योनिगस्टाइनच्या खाणीत हे सर्वांत स्पष्ट दिसते. तिथे 1984 नंतर खनिज फोडून वर आणणे थांबवले आणि सारे युरेनियम भूगर्भातच वालुकाश्मात सल्फ्युरिक आम्ल सोडून विरघळवून घेतले जाऊ लागले. उत्पादनाच्या हिशोबात ही पद्धत स्वस्त होती. पण खाण बंद करायची म्हणजे साधारणपणे पंप थांबवून तिच्यात पाणी चढू द्यायचे, आणि इथे त्या पाण्यात आम्ल, युरेनियम आणि जड धातू मिसळणार होते. वरच्या बाजूला दुसरा भूजलथर आहे, त्याचे पाणी पिण्यासाठी वापरले जाते. म्हणून 2001 मध्ये सुरू केलेले पाणी भरणे अत्यंत सावकाश, दूषित पाणी उपसून शुद्ध करत चालवावे लागले, आणि 2013 मध्ये ते समुद्रसपाटीपासून 140 मीटर उंचीवर थांबवण्यात आले. पाणी भरून शाफ्टचे तोंड बुजवले की झाले, असे म्हणणाऱ्यांना क्योनिगस्टाइनने दिलेले उत्तर असे आहे की खाण कशी चालवली यावरच ती कशी बंद होईल हे ठरते.

विस्मुटच्याच थुरिंगियातल्या रोनेबुर्गला मात्र अडचणीतूनच वाट सापडली. लिश्टेनबेर्गची उघडी खाण तिथे रिकामी पडली होती आणि आसपास ढिगारे उभे होते. ढिगाऱ्यांतल्या दगडात पायराइट असल्याने हवा आणि पाणी मिळताच आम्ल तयार होई. म्हणून ढिगारे त्या खाणीत भरताना ज्या दगडातून जास्त आम्ल सुटते तो सर्वांत खाली, पुढे पाणी जिथपर्यंत चढेल त्या पातळीखाली टाकला, कारण पाण्यात बुडाल्यावर त्याला ऑक्सिजन मिळत नाही. चुनखडीयुक्त दगड वर ठेवला. डोके लावून केलेले हे काम पाहण्यासारखे आहे, आणि 2007 साली त्याच परिसरात जर्मनीचे राष्ट्रीय बागकाम प्रदर्शन भरले. तरीही तोच दगड दोनदा वाहून न्यावा लागला. उकरतानाच आम्लाचा विचार झाला असता तर दगड वेगवेगळे रचून ठेवता आले असते. सॅक्सनीतल्या श्लेमा गावात तर वस्तीच्या खालीच खाण होती; तिथे भुयारांतला रेडॉन घरांत शिरू नये म्हणून उत्पादन संपल्यावरही हवा ओढून घेणारे पंखे चालू ठेवावे लागले.

शीतयुद्धात, अणुबॉम्बच्या घाईत कोण असा विचार करणार, हा आक्षेप खरा आहे. पण तो फक्त सुरुवातीची वर्षे समजावून सांगतो. क्योनिगस्टाइनला पूर्णपणे आम्लावर जाण्याचा निर्णय 1984 चा आहे, तेव्हा विस्मुट जवळपास चाळीस वर्षांची अनुभवी कंपनी होती. दुसरा आक्षेप असा की जर्मनी श्रीमंत म्हणून हे निभावले, गरीब देशाला हे परवडणार नाही. मला वाटते नेमक्या याच कारणाने गरीब देशाने आधी आराखडा करायला हवा, कारण खाण चालू असताना मिळकत असते, यंत्रे असतात, तिथल्या दगडाची नस ओळखणारी माणसे असतात. बंद झाल्यावर यातले काहीच उरत नाही. भविष्यात काय होईल ते आजच कसे कळणार, असेही विचारतात. कळत नाही, म्हणून आराखडा दर काही वर्षांनी सुधारायचा असतो. पण गाळातल्या रेडियमचे अर्धायुष्य 1600 वर्षे आहे आणि खनिजातला बहुतेक किरणोत्सर्ग युरेनियम काढल्यावरही गाळातच राहतो, एवढे तर आजही ठाऊक आहे.

भारतात जादुगुड्याच्या युरेनियम खाणीचे काम 1967 मध्ये सुरू झाले. तिथे गाळाचा जाडसर भाग रिकाम्या झालेल्या पोकळ्यांत परत भरला जातो आणि बारीक भाग तलावात जातो. म्हणजे बंद करण्याच्या कामाचा एक हिस्सा खाण चालू असतानाच होतो आहे, आणि ही पद्धत योग्य आहे. 2003 मध्ये आपल्या खाणनियमांत खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठीची आर्थिक हमी आली. आता जादुगुड्याच्या खाणीचा असा आराखडा, तलावांच्या आच्छादनाचा आणि पाण्याच्या तपासणीचा तपशील यांसह, जादुगुड्याभोवतीच्या गावांना संथाली आणि हो भाषांत वाचायला मिळावा, ही मागणी आपण करायला हवी.